मदत हवी आहे: गार्सिया रोब्लेस आणि कलम २८

नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी आमच्या वाचनालयात मला मेक्सिकोचे मुत्सद्दी आल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांच्यावर अर्धा तास बोलायचं आहे. मेक्सिको म्हटलं की आपल्याला पांडुरंग खानखोजे आठवतात. या माणसाचं नाव मात्र इथे फारसं कुणी घेत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आयुष्याचा आलेख लिहून झालाय. मिचोआकान राज्यातल्या सामोरा गावी १९११ साली जन्म, कायद्याचं शिक्षण मेक्सिको सिटी, पॅरिस आणि हेगला, १९३९ मध्ये परराष्ट्र सेवेत, पुढे संयुक्त राष्ट्रांत, मग ब्राझीलमध्ये राजदूत.

गाडी अडलीये ती त्लातेलोल्को करारापाशी, म्हणजे लॅटिन अमेरिका अण्वस्त्रमुक्त ठेवण्याच्या करारापाशी. १९६२ च्या क्युबा पेचात अण्वस्त्रं अगदी दारात आलेली पाहून लॅटिन अमेरिका हादरली. अण्वस्त्रमुक्त प्रदेशाच्या वाटाघाटींची धुरा यांनी वाहिली आणि १४ फेब्रुवारी १९६७ ला सह्या झाल्या. पण करार लागू कधी व्हायचा? मेक्सिको म्हणे, जो मंजुरी देईल त्याच्यापुरता लगेच. ब्राझील म्हणे, प्रदेशातले सगळे देश आणि बाहेरचे अण्वस्त्रधारीही बांधले जाऊ देत, मगच. कलम २८ मध्ये ब्राझीलच्या अटी जशाच्या तशा ठेवल्या आणि पुढच्याच परिच्छेदात प्रत्येक देशाला त्या स्वतःपुरत्या सोडून देण्याची मुभा दिली! मेक्सिकोने ती लगेच वापरली, ब्राझीलने १९९४ मध्ये. क्युबाची मंजुरी आली २००२ साली. इतकी वर्षं दार उघडं ठेवणारं हे कलम मला त्यांना मिळालेल्या १९८२ च्या शांततेच्या नोबेलपेक्षाही मोठं वाटतं.

आता अडचण. या 'सोडून देण्या'ला मराठीत काय म्हणू? मी 'अटमाफी' लिहिलं होतं. बाबांनी (तालुका कोर्टात ३० वर्षं वकिली) लाल पेनाने खोडून 'हक्कसोड' केलं. पण इथे देश हक्क सोडत नाही, हक्क वापरून अट सोडतो. वाचनालयात बारावीची मुलंही असतात, त्यांना ऐकताक्षणी कळेल असा शब्द हवाय. वकील मंडळींनी सुचवावा.

दुसरं, नोबेलच्या सहमानकरी आल्वा मिर्दाल १९५५ ते १९६१ दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या. त्या काळातलं त्यांच्याविषयीचं मराठी लेखन कुणाच्या संग्रही आहे का? जुन्या मासिकातल्या एखाद्या पानाचा फोटो मिळाला तरी चालेल.

आणि स्पॅनिश जाणणाऱ्यांनो, 'त्लातेलोल्को' मधला पहिला 'त्ल' नेमका कसा म्हणायचा?