पहिला टोमॅटो रंग धरायला लागलाय, आत्ता तोडू की झाडावरच राहू देऊ?

गच्चीतली_हिरवळ
नमस्कार मंडळी, आयुष्यात पहिल्यांदाच टोमॅटो लावलेत. बियांपासून रोपं केली आणि कुंड्यांत लावून आज ७२ दिवस झाले. एका झाडाला अगदी खालच्या घोसात तीन फळं धरली होती, ती महिनाभर नुसती हिरवीगार आणि दगडासारखी, काही बदलच होईना, मला वाटलं काहीतरी चुकलं आपलं. आणि काल सकाळी पाणी घालताना वाकून बघते तर एकाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा फिकट नारिंगी डाग! झारी तिथेच ठेवून आत धावले सगळ्यांना बोलवायला.
आता प्रश्न असा की हा आत्ता तोडावा का पूर्ण लाल होऊ द्यावा? पक्षी येतात गच्चीत, भीती वाटतेय. आणि त्याच्याच शेजारच्या फळाचं बूड काळं, चपटं, चामड्यासारखं झालंय, हा रोग बाकीच्यांना लागेल का? अजून एक, वरची फुलं देठाशी पिवळी पडून गळतायत, हात लावला तरी पडतात. कोणीतरी नीट सांगा प्लीज.

मातीत_हात
अभिनंदन ताई! बिनधास्त तोडा. टोमॅटो झाडावरून काढल्यावरही पिकत राहतो, तो स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्यानेच पिकतो. एकदा बुडाशी रंग फुटला म्हणजे पिकायची सुरुवात आतून झालेली असते, तिथून पुढे घरात ठेवलात तरी चव फारशी कमी होत नाही. महिनाभर हिरवा राहिला त्यात चुकलं काही नाही, फळ धरल्यापासून रंग यायला ४० ते ५० दिवस सहज जातात.
तोडताना ओढू नका. देठावर फळाच्या जरा वर एक गाठ दिसेल, गुडघ्यासारखी. फळ तळहातात धरून अंगठा त्या गाठीवर टेकवा आणि फळ वर उचलून वाकवा, टक् करून सुटतं. ओढलं तर अख्खा घोस हातात येतो, माझा आलाय एकदा, पाच कच्ची फळं होती त्यात, फार वाईट वाटलं होतं.
घरात सावलीत ठेवा, उन्हात नको. पिकायला ऊन लागत नाही, ऊब लागते, २० ते २५ अंश असलं की रंग छान चढतो. ३० च्या वर गेलं की लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट नारिंगीच राहतं. फ्रिजमध्ये तर अजिबात नको, १२ अंशांच्या खाली पिकणं अडतं आणि वास मरतो.

बी_ते_फळ
वरचं सगळं बरोबर आहे पण माझं मत जरा वेगळं. पहिलाच आहे ना? मग झाडावरच पिकू द्या ताई. पातळ जाळीच्या कापडाची पिशवी शिवा, फळावर चढवा आणि देठाशी सैल बांधा, पक्षी टोच मारू शकत नाहीत. रोज सकाळी जाऊन बघण्यात जे सुख आहे ते टोपलीत ठेवलेल्या फळात नाही. फक्त पाण्यावर लक्ष ठेवा, दोन दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की आतला गर फुगतो, साल ताणत नाही, आणि पिकत आलेलं फळ तडकतं. मोठा पाऊस येणार असेल तर मात्र आदल्या दिवशीच काढून घ्या.

सावलीखाली
काळ्या बुडाबद्दल सांगते कारण मी यात एक अख्खा हंगाम घालवलाय. मला एका नर्सरीत बुरशी म्हणून औषध दिलं, मी दर आठवड्याला फवारत बसले, फरक शून्य. तो रोगच नाही! फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तिथला भाग मरतो, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पण ते पाण्याबरोबरच वर चढतं, आणि कुंडी एक दिवस ठणठणीत कोरडी, एक दिवस चिखल असं झालं की तुटवडा पडतो. म्हणून रोज ठरल्या वेळी पाणी द्या, मातीवर वाळक्या पानांचा चार बोटं थर द्या, आणि नत्राचं खत सध्या थांबवा, त्याने पाला माजतो. अंड्याची टरफलं घाला म्हणून कोणी सांगेल, ती कुजायला कित्येक महिने लागतात, या फळांना उपयोग नाही. काळं झालेलं फळ काढून टाका, झाडाची ताकद वाचते.
फुलं गळण्याचं कारण बहुधा उष्णता. दिवसा ३२-३५ च्या वर आणि रात्रीही गरम राहिलं की पराग नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. दुपारी कापडाची सावली करा. सकाळी दहाच्या सुमाराला फुलांच्या दांड्यावर बोटाने हलकेच टिचकी मारा, टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, नुसतं हललं तरी फळ धरतं.

गच्चीतली_हिरवळ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद! पाच दिवसांनी लिहितेय. दोन्हींचं ऐकलं, त्याच झाडाच्या दुसऱ्या घोसातल्या एकाला रंग आला तो तोडून घरात ठेवला आणि पहिल्याला जुन्या ओढणीची पिशवी शिवून घातली. आज सकाळी तो पूर्ण लाल झाला होता, उन्हाने कोमट झालेला, गाठीशी वाकवला तर खरंच टक् आवाज आला. हाताला पानांचा तो हिरवा उग्र वास अजून येतोय, बोटं पिवळी झालीत, धुवावीशी वाटत नाहीयेत. चार फोडी केल्या, नुसतं मीठ लावून खाल्ल्या, मुलगी म्हणाली अजून एक दे, आणि पिकलेला अजून एक नव्हताच.
बिया थोड्या काढून ठेवल्यात गरासकट. पुढच्या वेळी लावायच्या असतील तर कशा वाळवायच्या?

बी_ते_फळ
वा! गरासकट वाटीत थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस झाकून ठेवा, आंबूस वास येईल, घाबरू नका, बियांभोवतीचा बुळबुळीत थर त्यानेच सुटतो. मग गाळणीत धुवून ताटलीवर पसरा, कागदावर नको, चिकटतात. आणि तुमचं वाण हायब्रीड असेल तर पुढची फळं अशीच येतील असं नाही, बियांचं पाकीट असेल तर त्यावर बघा आणि इथे कळवा.