तलावाकाठच्या जंगलाची अक्षरओळख : ‘ऊ’, ‘ए’, ‘ढ’ला शब्द सुचवा

मंडळी, येऊरच्या पाड्यांवरच्या बालवाड्यांसाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानावर अक्षरांचं पुस्तक जुळवतोय. विहार (1860) आणि तुळशी (1879) हे दोन्ही तलाव त्यात हवेतच.

अट एकच: पहिलं अक्षर सुटं हवं. मूल ‘ब’ शिकत असताना ‘बिबट्या’तला ‘बि’ दाखवला की ते वेलांटीलाच अक्षराचा भाग समजतं. त्यामुळे ‘कारवी’ गेली, ‘करवंद’ आलं. म मगर, च चतुर, भ भरद्वाज, घ घरटं, थ थवा. बिबट्याला ‘ठ’वर जागा मिळाली: चिखलातला ठसा! ‘ण’ आणि ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही, म्हणून ‘हरण’ आणि ‘कमळ’. शेवटचं अक्षर रंगीत. ‘पाणी’ नको, कारण वेलांटीचा रंग वेगळा करताना अक्षर फुटतं.

अडलंय ते ‘ऊ’, ‘ए’, ‘ढ’वर. ऊन, ढग आहेत, पण इथलंच झाड, पाखरू किंवा किडा हवा. ‘ढोकरी’ (तळ्याकाठचा बगळा) आहे, पण तिला ओकार आहे. पाड्यांवरची बोलीतली नावं कुणाला ठाऊक असतील तर फार उपयोग होईल.

आणखी एक: मराठी वळणाचा, म्हणजे पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ असलेला, ठळक, मोफत युनिकोड फॉन्ट कोणता? मजकुराची भाषा मराठी निवडूनही छपाईच्या पीडीएफमध्ये हिंदी वळणच उमटतंय.