बॅटरी परत लावताना मोठी ठिणगी उडाली, तशीच दाबून बसवू का?

गावाकडचा_ठाणेकर (शुक्रवार, दुपारी २:१०)

नमस्कार मंडळी. गणपतीला गावी आलोय, चिपळूणपासून पुढे पाऊण तास. गाडी २०११ ची वॅगन-आर. पाच दिवस अंगणात उभी होती तेवढ्यात उंदरांनी हॉर्नची वायर कुरतडली. ही वायर मूळ वायरिंगमधली नाही. मी हौसेने मोठ्या आवाजाचे दोन हॉर्न बसवले होते, त्यांच्या रिलेसाठी (हॉर्नचा जादा करंट झेलणारा स्विच) थेट बॅटरीच्या प्लसवरून ओढलेली.

बॅटरी सोडवून वायर जोडली, टेप गुंडाळली, हॉर्नची पट्टी परत आवळली. बॅटरी उतरल्यासारखी वाटली म्हणून बाजारात एका दुकानात रात्रभर चार्जिंगला ठेवली. आज आणून आधी प्लस घट्ट केला. मग मायनसचा क्लॅम्प नुसता टेकवला, तर चट्ट आवाज होऊन अशी ठिणगी उडाली की हातातून क्लॅम्पच सुटला. आतल्या कडेला मुगाएवढा काळा डाग पडलाय. चावी खिशात होती, दिवे बंद, दारं बंद.

शेजारचे काका म्हणतात, "ठिणगी उडतेच रे, दाबून बसव." रविवारी निघायचंय, सोबत आई आणि दोन पोरं. मल्टिमीटर नाही. काय करू?

बुलेटवाला_सांगली (२:३२)

काका बरोबर आहेत, मायनसला ठिणगी येतेच. आमचा मेकॅनिक तर गाडी चालू ठेवूनच बॅटरी बदलतो, म्हणजे घड्याळ आणि रेडिओची सेटिंग जात नाही. बिनधास्त लावा.

तात्या_वायरमन (३:०५)

थांब रे बाबा, दाबू नकोस.

ठिणगी-ठिणगीत फरक असतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या डब्यात कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारे भाग असतात, क्लॅम्प टेकला की ते भरून घेतात. एखादं दार उघडं असेल तर आतला दिवा लागतो. एवढ्याने बारीक 'टिक' होते, डाग पडत नाही. तुझ्या क्लॅम्पचा धातू जळलाय. चावी बंद असताना एवढा करंट ओढणारं गाडीत काही नसतं. तू नुकतीच ज्या वायरला हात लावलास ती थेट प्लसवरची, आणि मला वाटतं तिला मध्ये फ्यूजही नसेल. दाबून बसवलीस तर क्लॅम्प गप्प बसेल आणि वायर पेटेल.

मल्टिमीटर नको. गाडीच्याच मागच्या इंडिकेटरचा बल्ब काढ, होल्डर पाव फेरा फिरवला की सुटतो. १२ व्होल्ट, २१ वॅटचा आहे ना ते बघून घे. वायरचे दोन तुकडे घे. एकाचं टोक बल्बच्या पितळी टोपणाला गुंडाळ, दुसऱ्याचं बुडाच्या टिपक्यावर टेपने दाबून बसव. आता प्लस काढून ठेवला असशील तर परत लाव. मायनसची केबल मात्र बॅटरीवर ठेवू नकोस. बल्बची एक वायर बॅटरीच्या मायनस खांबाला लाव आणि दुसरी त्या मोकळ्या केबलच्या क्लॅम्पला, म्हणजे बल्ब दोघांच्या मध्ये आला. दारं आणि डिकी बंद ठेव. बल्ब जेमतेम मिचकावून विझला तर वायरिंग ठीक. लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट आहे. बल्ब मध्ये असल्याने शॉर्टमधूनही पावणेदोन अँपिअरच जाईल, काही जळणार नाही. बल्बच्या काचेला हात लावू नको, तापते. बल्ब पेटलेला असतानाच एकेक वायर हलवून बघ. ज्या वायरला तो विझेल, ती तुझी.

आणखी एक. बॅटरी चार्जरवरून नुकतीच उतरलीय, म्हणजे तिच्यातून हायड्रोजन निघत असतो. बोनेट उघडं ठेवून तासभर थांब आणि जोडताना तोंड बाजूला ठेव. चार्जिंगनंतर लगेच ठिणगी पाडून बॅटरीचं झाकण उडालेलं मी एकदा पाहिलंय, अ‍ॅसिडने त्या पोराचा शर्ट चाळणी झाला होता. डोळे वाचले.

क्रम तू बरोबर घेतलास: लावताना आधी प्लस, मग मायनस; काढताना आधी मायनस. का, ते माझ्या डाव्या मनगटावर लिहिलंय. १९८७ साली मायनस न काढता प्लसचा नट सोडवत होतो. पाना प्लसवर, आणि घड्याळाचा स्टीलचा पट्टा पान्याला आणि बॉडीला एकदम टेकला. बॉडी म्हणजेच मायनस. पट्टा लाल झाला, चार चौकोनी डाग अजून आहेत. मायनस आधी निघालेला असता तर पाना बॉडीला कुठेही लागला असता तरी काही झालं नसतं. तेव्हा घड्याळ, अंगठी, कडं, सगळं काढून ठेव.

@बुलेटवाला, चालू गाडीत बॅटरी काढायची नाही. इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरचा करंट बॅटरी पचवत असते. ती अचानक काढली की व्होल्टेज उसळतं आणि आधी आल्टरनेटरचे डायोड किंवा कॉम्प्युटर जातो. जुन्या डिझेल जीपमध्ये खपून जायचं, म्हणून ही सवय राहिलीय.

मीनल_पिंपरी (३:४०)

तात्यांशी सहमत. एक भर: चावी खिशातच ठेवा आणि ड्रायव्हरची काच खाली. माझ्या गाडीला बॅटरी जोडल्या जोडल्या सेंट्रल लॉक खट्कन बसलं. चावी आत, मी बाहेर, आणि दुसरी चावी सासरी सोलापूरला.

घड्याळ परत लावावं लागेल. इंजिन सुरुवातीला थोडं वरखाली करेल, एसी बंद ठेवून दहा मिनिटं तसंच चालू द्या.

गावाकडचा_ठाणेकर (संध्याकाळी ६:५५)

तात्या, बल्ब लख्ख पेटला!

पोराला बल्बकडे बघायला बसवलं आणि मी वायरी हलवत गेलो. काही होईना. शेवटी हॉर्नच्या पट्टीचा बोल्ट सैल केला, तर पोरगं ओरडलं, "बाबा, गेला!" पट्टी आवळताना जोड तिच्याखाली चिमटला होता. टेप फाटून तांबं सरळ बॉडीला लागलेलं. फ्यूजही नव्हताच, बसवताना मीच 'नंतर लावू' म्हटलं होतं.

खराब तुकडा कापून नवी वायर टाकली, बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज बसवला, वायर पट्टीपासून लांबून नेली. परत बल्ब लावला: मिचकावला आणि विझला. डाग पॉलिश पेपरने घासून मायनस टेकवला, बारीक टिक. क्लॅम्प दहा नंबरच्या पान्याने आवळला, हाताने फिरवून पाहिला, हलत नाही. गाडी पहिल्या सेल्फला चालू.

काका कुंपणावरून विचारतात, "बसली ना दाबून?"

तात्या_वायरमन (७:२०)

हो म्हण. आणि तो बल्ब इंडिकेटरमध्ये परत लाव आधी, रविवारी घाट उतरायचाय.