मागे सामान लावलं की उतारावर हँडल थरथरतं, मदत हवी आहे

स्टील फ्रेमची टूरिंग सायकल, टायर 35 मिमी, माझं वजन 72 किलो. रिकामी असताना घोडबंदर रोडला गायमुखच्या उतारावर अगदी सरळ जाते. मागे दोन पॅनिअर (कॅरियरच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) मिळून 16 किलो लावले की ताशी 30 च्या पुढे हँडल थरथरायला लागतं. गुडघे टॉप ट्यूबला (फ्रेमच्या वरच्या आडव्या नळीला) दाबून धरले की थांबतं, पण शेजारी कंटेनर असला की जीव मुठीत.

हेडसेट (हँडल-फोर्क फिरतो तिथलं बेअरिंग) आवळला, दोन्ही चाकांचे आउट काढून घेतले, हवा तपासली. जड सामान पॅनिअरच्या तळाशी, ॲक्सलच्या जवळ सरकवल्यावर बराच फरक पडला, पूर्ण नाही. तंबू अजून कॅरियरच्या माथ्यावरच आहे. कॅरियर ॲल्युमिनियमचा, बोल्ट घट्ट असूनही भरलेला असताना हाताने ढकलला तर बोटभर डोलतो. चढावर उभं राहून पेडल मारलं तर मागची बाजू शेपटीसारखी हलते.

दिवाळीत रेवसमार्गे गणपतीपुळ्याला जायचंय. सामान 14 किलोखाली येणार नाही. फोर्कला लो-रायडरसाठी (पुढच्या चाकाशेजारी खाली बसणाऱ्या कॅरियरसाठी) भोकं आहेत, पण खर्च एकाच गोष्टीचा जमेल. 5-6 किलो पुढे घ्यायला लो-रायडर लावू, की आधी मागचा कॅरियर बदलून स्टीलचा घेऊ?