चेनसॉ रेस देताच बंद पडतो: आधी काय तपासावं

गगनबावड्याकडच्या एका चेनसॉबद्दल (झाडं कापायची इंजिनवरची करवत) एकाने विचारलंय: स्लो नीट चालतो, रेस दिली की बंद. कार्बोरेटरच्या स्क्रूला लगेच हात लावू नका, कारण बहुतेकदा पेट्रोल वरपर्यंत पोचतच नसतं.

बंद पडायच्या बेतात असताना टाकीचं झाकण थोडं सैल करा. मशीन सावरली तर व्हेंट, म्हणजे टाकीत हवा जायचं छिद्र, चोंदलाय. फरक नसेल तर टाकीतला फिल्टर तारेच्या हुकाने ओढून बदला. धुवून भागवू नका. सायलेन्सरची जाळी काजळीने भरली असेल तरी हेच होतं.

पावसाळाभर टाकीत पेट्रोल राहिलं असेल तर संशय डायफ्रामवर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पातळ पडद्यावर. इथेनॉल ओलावा धरतं, डायफ्राम कडक होतो. दाबल्यावर कडकडला तर कार्बोरेटरचं दुरुस्ती किट टाका.

तरीही तसंच असेल तर कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट वाकवून बारीक चिरा शोधा. हे टाळू नका. तिथून जादा हवा गेली की पेट्रोलबरोबर त्यात मिसळलेलं ऑइलही कमी पडतं, पिस्टन ओरखडतो आणि खर्च कितीतरी वाढतो. मॅन्युअलात पेट्रोल-ऑइलचं प्रमाण 50:1 असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल, मापाने. अंदाजाने कधीच नाही.