मांज्यानं पंजा कापला, रक्त थांबून पुन्हा येतंय

रावपुऱ्यातून:
आज वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, आमच्या बडोद्यात पतंगांचाच. आमचा गोट्या (देशी कुत्रा, ३ वर्षांचा) अगाशीत पडलेल्या दोऱ्यांत अडकला आणि पुढच्या उजव्या पंजाची गादी चिरली. चीर खोल दिसत नाही, पण कापूस उचलला की पुन्हा रक्त. आजी म्हणते हळद भर, शेजारचे म्हणतात डेटॉल ओत. आमचा नेहमीचा दवाखाना बंद आहे. काय करू?

दांडिया बाजारातली काकू:
आधी उचलून बघणं बंद कर रे. दर वेळी धरलेली गुठळी निघून येते. स्वच्छ सुती फडक्याची घडी ठेव आणि घड्याळ लावून ५ ते १० मिनिटं दाबून धर. रक्त वर आलं तर खालचं न काढता त्यावरच दुसरं फडकं. दुखलं की घरचं कुत्रंही चावतं, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊ नकोस.

थांबलं की धू. मेडिकलमध्ये सलाइनची बाटली मिळते. नाहीच तर उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ. बीटाडिन असेल तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. डेटॉल आणि स्पिरिट अजिबात नको, जखम भाजते आणि चाटलं की पोटात जातं. आजींना वाईट वाटू देऊ नकोस, पण हळदही नको. पूड चिरेत बसते आणि डॉक्टरांना आधी ती काढावी लागते.

आणि मांजा शोध! बोटांच्या बेचक्यांत, केसांखाली, वर पायापर्यंत टॉर्च लावून बघ. दोऱ्याचा एखादा वेढा राहिला तर रक्त अडतं, पंजा सुजतो, बोट जाऊ शकतं. रुतलेला असेल तर ओढू नकोस, तो डॉक्टरच काढतील.

अलकापुरीहून:
काकूंचं बरोबर. गादीवर वजन पडतं म्हणून चीर चालताना उघडते, त्याला आज जिने चढू देऊ नका. पट्टी बांधताना बोटांमध्ये थोडा कापूस, वर गॉज, मग क्रेप, आत एक बोट जाईल इतकी सैल. बाहेर नेताना वर पिशवी बांधा, घरात आल्याबरोबर सोडा, ओल राहिली की जखम चिघळते. गल्लीतलं एखादं जनावर असं सापडलं तर १९६२ ला फोन करा, गुजरातची प्राण्यांसाठीची करुणा अ‍ॅम्ब्युलन्स.

रावपुऱ्यातून:
रक्त थांबलं काकू. मधल्या दोन बोटांत गुलाबी दोरा निघाला, सैल होता, कापून काढला. आता कण्हतोय. क्रोसिनची पाव गोळी चालेल?

दांडिया बाजारातली काकू:
नाही! आपली एकही गोळी नाही. क्रोसिननं कुत्र्याच्या यकृताला आणि रक्ताला अपाय होतो, ब्रुफेननं पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात. दुखण्याचं औषध डॉक्टर वजन बघून देतील. चाटू नये म्हणून गळ्यात कोन (शंकूसारखी प्लास्टिकची कॉलर) घाल. चिरेच्या कडा उघड्या राहत असतील तर टाका लागेल, मग आजच दुसरा दवाखाना शोध. ओठ वर करून हिरड्याही बघ, पांढुरक्या दिसल्या तर तसाच उचलून ने.