दादाचं फेसबुक अकाउंट मेमोरियलाइज (म्हणजे गेलेल्या माणसाची आठवण म्हणून जतन) करावं का? मदत हवी आहे

दादाला जाऊन साडेतीन महिने झाले. मध्ये एकदा रात्री दोनला न राहवून त्याच्याबद्दल लांबलचक पोस्ट टाकली, सकाळी बघते तर हात जोडलेल्या इमोजींची रांग, आरआयपी, आणि कुणाचं तरी 'नक्की काय झालं गं?', तेही सगळ्यांदेखत. पोस्ट उडवली. पण त्याच पोस्टमुळे त्याच्या ऑफिसमधल्या एकाचा मेसेज आला, की दादा रोज लिफ्टशी शर्यत लावून जिना चढायचा आणि वर धापा टाकत 'आलो की नाही आधी' म्हणायचा, घरी कुणालाच माहीत नव्हतं हे. आईला वाचून दाखवलं तर चक्क हसली.

आता पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस. ज्यांना कळलंच नाहीये ते 'हॅपी बर्थडे भावा, पार्टी कधी' लिहिणार आणि मला ते बघवणार नाही. मेमोरियलाइज केलं की नावाजवळ 'रिमेंबरिंग' येतं, वाढदिवसाची आठवण कुणाला जात नाही, हे वाचलंय. पण मग कुणालाच लॉगिन करता येत नाही, आणि दादाचा फोन आईच्या उशाशी असतो, रात्री ती त्याचे मेसेंजरवरचे जुने मेसेज वाचत पडते. तिला न विचारता कसं बंद करू? आणि विचारू तरी कसं? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद :
ताई, घाई नका करू. बाबांच्या वेळी मी मृत्यूचा दाखला अपलोड करून मोकळा झालो आणि इनबॉक्स गेला तो गेलाच. लेगसी कॉन्टॅक्ट (आपल्यामागे अकाउंट सांभाळायला आधीच नेमून ठेवलेला माणूस) असला तरी त्याला मेसेज दिसत नाहीत. फोन चालू आहे ना, मग सेटिंगमध्ये 'प्रोफाइलवर कोण पोस्ट करू शकतं' तिथे 'ओन्ली मी' करा, बाकी सगळं आहे तसं राहील. आणि सिमचा रिचार्ज चुकवू नका. आमचा नंबर दुसऱ्याला गेला, एक दिवस व्हॉट्सॅपवर 'बाबा' नावाखाली कुणा पोराचा बाइकवरचा फोटो. आई दोन दिवस बोलली नाही.

धागाकर्ती :
बाप रे, सिमचं डोक्यातच नव्हतं, आत्ताच बघते. 'ओन्ली मी' आईसमोर बसूनच करेन, तिलाच दाबू दे. अजून एक, व्हॉइस नोट्स फोनबाहेर कशा काढून ठेवायच्या? एक चुकून रेकॉर्ड झालेली आहे, नुसता पंखा ऐकू येतो आणि शेवटी दादा खोकतो. ती आधी हवीय.